विश्लेषण : डायलिसिसचे मशीन सुरू आहे, पण पाणी तपासले का?

बुलढाणा जिल्ह्यात डायलिसिसची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न असतो, ‘मशीन किती?’ नवे मशीन आले की फीत कापली जाते, फोटो छापून येतो. त्या मशीनमध्ये जाणारे पाणी शेवटचे कधी तपासले, रुग्णाला चार तास पूर्ण मिळतात का, तंत्रज्ञ किती आहेत, हे मात्र कुणी विचारत नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या खारपाणपट्ट्यातील तालुक्यांत हा प्रश्न अधिक टोकदार आहे. तिथे पिण्याचे पाणी हाच किडनीच्या आजाराचा संशयित मानला जातो, आणि उपचारही पाण्यावरच चालतो. चांगले डायलिसिस कशाला म्हणायचे, ते घरच्या माणसांना ओळखता येते का आणि सरकारी योजनेत नेमके काय मिळते, याचा हा आढावा.

खारपाणपट्टा आणि किडनी : नाते किती खरे?

सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. नदीने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाच्या खोल थरांत क्षार साठले आहेत. त्यामुळे विहीर खोदा की बोअर घ्या, बऱ्याच गावांत पाणी खारे किंवा मचूळ लागते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे म्हणजे टीडीएसचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे. या पट्ट्यातील अनेक विहिरी आणि बोअर ही शेवटची मर्यादाही ओलांडतात.

किडनीच्या रुग्णांचा प्रश्न इथल्या वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात वर्षानुवर्षे मांडला जातो. वान प्रकल्पाचे पाणी आणणाऱ्या १४० गाव पाणीपुरवठा योजनेची मागणीही याच पार्श्वभूमीवर लावून धरली गेली. तरीही ‘खारे पाणी प्यायल्याने किडनी जाते’ असे सरळ समीकरण वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेले नाही. किडनी निकामी होण्याची सर्वात मोठी दोन कारणे जगभर मधुमेह आणि उच्च रक्तदाब हीच आहेत. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याचा उद्दानम भाग, छत्तीसगडमधील सुपेबेडा, गोव्यातील काणकोण आणि श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत या ठिकाणी मधुमेह नसलेल्या शेतकरी-मजुरांच्याही किडन्या निकामी झाल्या. तिथे पाणी, उष्णता, कीटकनाशके, जड धातू अशा अनेक कारणांवर अभ्यास झाले, पण एकच गुन्हेगार सापडला नाही.

त्यामुळे सगळा दोष पाण्यावर टाकण्याचा एक धोका आहे. पाण्याकडे बोट दाखवताना रक्तदाबाची गोळी मध्येच बंद केली जाते आणि कंबर धरली, गुडघे दुखले की मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेतली जाते. दिवसभर उन्हात निंदण-खुरपण करून पुरेसे पाणी न पिता अशा गोळ्या घेणे किडनीला नक्की घातक आहे, यात वाद नाही. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील गावांत अचानक केस गळू लागले तेव्हाही पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे चर्चा धान्यातील सेलेनियमपर्यंत पोहोचली. आजाराचे कारण शोधणे हे तपासणीचे काम आहे, अंदाजाचे नाही.

मात्र एका बाबतीत पाण्याबद्दल शंकेला जागा नाही. किडनी कोणत्याही कारणाने गेलेली असो, डायलिसिसवर आलेल्या माणसासाठी पाण्याची शुद्धता हा जीवनमरणाचा विषय आहे.

एका डायलिसिसला किती पाणी लागते?

डायलिसिसमध्ये रुग्णाचे रक्त नळीतून ‘डायलायझर’ नावाच्या कृत्रिम गाळणीत नेले जाते. या गाळणीत केसासारख्या हजारो पोकळ तंतूंमधून रक्त वाहते आणि तंतूंच्या बाहेरून एक द्रावण वाहते. मधल्या पातळ पडद्यातून युरिया, जादा पोटॅशियम आणि साचलेले पाणी द्रावणात उतरते. शुद्ध झालेले रक्त परत शरीरात जाते.

या द्रावणात सर्वाधिक असते ते पाणी. मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर या वेगाने चार तास द्रावण वाहिले तर १२० लिटर होतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस झाले तर ३६० लिटर. निरोगी माणूस दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो. त्यातही आधी जठर आणि आतडे मध्ये असते, नको ते बरेचसे तिथेच अडते. डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त आणि हे शेकडो लिटर पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. पाण्यात जे असेल ते रक्तात जाऊ शकते आणि ते लघवीवाटे बाहेर टाकायला किडनी उरलेली नसते.

म्हणून प्रत्येक केंद्रात स्वतंत्र जलशुद्धीकरण संयंत्र लागते. आधी गाळ अडवणारा फिल्टर, मग कडकपणा काढणारा ‘सॉफ्टनर’, मग क्लोरिन शोषणारे कार्बनचे टाके आणि शेवटी आरओ. गावातल्या ‘वॉटर एटीएम’वर मिळणारे आरओचे पाणी प्यायला ठीक, पण डायलिसिसच्या मापाने ते अपुरे ठरते. डायलिसिसच्या पाण्याचे आंतरराष्ट्रीय निकष पिण्याच्या पाण्याहून कितीतरी कडक आहेत. एकूण क्लोरिन लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आत हवे आणि जिवाणूंची संख्या मिलिलिटरमागे १०० च्या खाली. मेलेल्या जिवाणूंच्या आवरणातून सुटणाऱ्या ‘एंडोटॉक्सिन’ या विषालाही मर्यादा ठरलेली आहे.

हे निकष पाळले नाहीत तर काय होते, याचे सर्वात भीषण उदाहरण ब्राझीलमधील कारुआरू शहराचे आहे. दुष्काळामुळे १९९६ च्या फेब्रुवारीत तिथल्या एका डायलिसिस केंद्राला धरणाचे पाणी नीट प्रक्रिया न होता टँकरने पुरवले गेले. त्या पाण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष होते. शंभराहून अधिक रुग्णांना मळमळ, उलट्या, अंधुक दिसणे असा त्रास सुरू झाला, अनेकांचे यकृत निकामी झाले आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले. मशीन सगळी चालू होती.

मार्च ते जून : टँकर आणि ब्लीचिंग पावडर

कारुआरू दूर आहे. दुष्काळ आणि टँकर मात्र आपल्या ओळखीचे आहेत. बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्याचा स्रोत बदलणे नवे नाही. आज नळाचे, उद्या बोअरचे, परवा टँकरचे. घरात त्याने चवीत फरक पडतो. डायलिसिस केंद्रात त्याने संयंत्राचे सगळे गणित बदलते.

पाच मशीन तीन पाळ्यांत चालवणारे केंद्र धरा. नुसत्या द्रावणासाठी दिवसाला १८०० लिटर शुद्ध पाणी लागेल. मशीन धुणे, डायलायझर धुणे वेगळे. आरओमध्ये आत गेलेल्या पाण्याचा मोठा भाग ‘रिजेक्ट’ म्हणून वाहून जातो आणि पाणी जितके खारे तितका तो वाढतो. म्हणजे कच्चे पाणी दुपटीच्या आसपास हवे. खारपाणपट्ट्यात आरओचे पडदे लवकर खराब होतात, सॉफ्टनरला मिठाची भरणी वारंवार करावी लागते. कडकपणा नीट निघाला नाही तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रक्तात जाऊन मशीनवर असतानाच रुग्णाला मळमळ, डोकेदुखी, अशक्तपणा जाणवतो, रक्तदाब चढतो.

टँकरच्या पाण्याचा धोका वेगळा आहे. साथ पसरू नये म्हणून टँकरमध्ये किंवा विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली जाते आणि ती टाकायलाच हवी. पण मापाचा अंदाज हातावर असतो. पिणाऱ्याला क्लोरिनचा थोडा वास आला तर बिघडत नाही. डायलिसिसच्या पाण्यात मात्र क्लोरिन किंवा क्लोरामाइन राहिले तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन झपाट्याने खाली येते. ते अडवण्याचे काम कार्बनच्या टाक्यांचे. कार्बन संपला की तो बाहेरून दिसत नाही, म्हणून प्रत्येक पाळीपूर्वी क्लोरिनची चाचणी करायची असते. चाचणीपट्टी किंवा द्रव रसायन वापरून काही मिनिटांत होणारे हे काम आहे.

आरओच्या पॅनेलवर दिसणारा टीडीएसचा आकडा पाहून अनेकदा ‘पाणी ओके’ असे समजले जाते. तो आकडा फक्त क्षार सांगतो. जिवाणू, एंडोटॉक्सिन, उरलेला क्लोरिन यांचा त्याला पत्ता नसतो. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, आणि तो भिंतीवर लावला तर कुणाचे काही बिघडणार नाही.

आठवड्यातून दोनदा की तीनदा?

निरोगी किडनी आठवड्याचे १६८ तास काम करते. तीन वेळा चार तास डायलिसिस म्हणजे १२ तास, दोन वेळा म्हणजे ८ तास. ही तूट कधीच भरून निघत नाही, ती कमीत कमी ठेवायची असते. म्हणूनच आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी चार तास हा जगभर रूढ झालेला पायंडा आहे. आपल्याकडे मोठ्या संख्येने रुग्ण दोनदाच येतात.

कारण रुग्णाच्या बाजूने पैसा, प्रवास आणि बुडणारी मजुरी. केंद्राच्या बाजूने मशीनचा हिशेब. एक मशीन आठवड्यात सहा दिवस, रोज तीन पाळ्या चालले तर १८ फेऱ्या होतात. प्रत्येकाला तीनदा द्यायचे तर त्यावर सहा रुग्ण बसतात, दोनदा द्यायचे तर नऊ. प्रतीक्षा यादी लांबली की तीनाचे दोन होतात, चार तासांचे साडेतीन होतात. बाहेर ताटकळणाऱ्या नव्या रुग्णाकडे पाहिले तर हे समजण्यासारखे आहे. पण ही तडजोड कुणाच्या शरीरावर होते आहे, हे रुग्णाला सांगितले पाहिजे.

ज्यांची लघवी अजून बऱ्यापैकी होते अशा काही रुग्णांना सुरुवातीला दोनदा पुरू शकते. तो निर्णय किडनीतज्ज्ञाने तपासण्या पाहून घ्यायचा असतो, वेळापत्रकात जागा नाही म्हणून नव्हे. लांबलेल्या खंडाचा धोका मोजलेला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांमध्येही दोन दिवसांच्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकाराने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण जास्त आढळले. दोनदा येणाऱ्याचा एक खंड तर तीन दिवसांचा होतो.

खंडात साचते ते पाणी आणि पोटॅशियम. पाण्याचा हिशेब सोपा आहे. तासाला दर किलो वजनामागे १३ मिलिलिटरपेक्षा वेगाने पाणी काढू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. ५० किलोच्या माणसाचे चार तासांत त्यानुसार २.६ लिटर निघेल. तो चार किलो वाढवून आला आणि सगळे एकाच बैठकीत ओढले, तर पायात गोळे येतात, रक्तदाब कोसळतो, घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी येते. ‘डायलिसिस सोसत नाही’ असे घरी सांगितले जाते, त्यातले निम्मे दुखणे बहुधा हेच असते. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर असताना घोट मोजून पाणी प्या, हे सांगणे सोपे नाही. पण लोणचे, पापड, ठेच्यातले मीठ आवरले की तहान आपोआप कमी होते.

पोटॅशियमचे उदाहरण घरातलेच आहे. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे, केळी, संत्री न्यायची आपली रीत. डायलिसिसच्या रुग्णासाठी या तिन्ही वस्तू जोखमीच्या. नारळपाण्यातले पोटॅशियम बाहेर पडायला वाट नसते, ते वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात आणि ते अचानक थांबूही शकते. बाजारात ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटातही बहुधा पोटॅशियम क्लोराइडच असते.

डायलायझर पुन्हा वापरतात, ते चुकीचे आहे का?

नाही. नियमाने केले तर तोच डायलायझर त्याच रुग्णासाठी पुन्हा वापरता येतो आणि भारतात बहुतेक ठिकाणी तसेच होते. पण ‘नियमाने’ या शब्दात बरेच काही येते. डायलायझरवर रुग्णाचे नाव, पहिल्या वापराची तारीख आणि कितवा वापर हे लिहिलेले हवे. प्रत्येक वापरानंतर त्याची क्षमता मोजायची, ती मूळच्या ८० टक्क्यांच्या खाली गेली की तो फेकायचा. निर्जंतुक करायला भरलेले रसायन पुढच्या वापरापूर्वी पूर्ण धुऊन निघाले की नाही, हेही तपासायचे. रुग्णाला मशीनवर घेताना आपल्या नावाचा डायलायझर आहे ना, हे स्वतः रुग्णाने किंवा सोबतच्या माणसाने वाचून पाहिले तर तंत्रज्ञाला राग यायचे कारण नाही. विमानात बसताना तिकीट दाखवतो, तसेच ते आहे.

संसर्गाचा मुद्दा याहून गंभीर. डायलिसिस केंद्रात रक्त उघड्यावर हाताळले जाते आणि हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी यांचे विषाणू अशा ठिकाणी एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. ‘बी’ असलेल्या रुग्णासाठी वेगळी खोली आणि वेगळे मशीन हवे. ‘सी’ आणि एचआयव्हीसाठीही आपल्याकडे बऱ्याच केंद्रांत वेगळे मशीन ठेवतात. पण मशीन वेगळे ठेवून हातमोजे तेच राहिले तर उपयोग शून्य. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हातमोजे बदलणे, हात धुणे, एका कुपीतले हेपॅरिन रुग्णाच्या खाटेजवळ न भरणे, दोन रुग्णांच्या मधे मशीनचा पृष्ठभाग पुसणे, संसर्ग रोखला जातो तो इथे.

आणि इथेच मनुष्यबळाचा प्रश्न येतो. एका तंत्रज्ञाकडे तीन मशीन असतील तर हे सगळे जमते. एकाच्या अंगावर सहा-सात टाकली तर सर्वात आधी काय गळते? हात धुणे. तंत्रज्ञ निष्काळजी असतो म्हणून नव्हे, एका वेळी दोन अलार्म वाजत असतात म्हणून. कंत्राटी नेमणुका, थकलेले पगार, रिक्त पदे या बातम्या आपण कर्मचाऱ्यांच्या मागण्या म्हणून वाचतो. प्रत्यक्षात त्या रुग्णसुरक्षेच्या बातम्या आहेत.

हिपॅटायटिस बीची लस रुग्णाने डायलिसिस सुरू होण्याआधीच घेतलेली बरी. डायलिसिसच्या रुग्णाला तिची मात्रा नेहमीपेक्षा दुप्पट लागते आणि वेळापत्रकही वेगळे असते.

मानेतली नळी की हातातला फिस्टुला?

ग्रामीण भागातला रुग्ण बहुधा उशिरा पोहोचतो. श्वास लागला, अंगावर सूज आली, उलट्या थांबेनात म्हणून दाखल केले आणि त्याच रात्री मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झाले, अशीच अनेकांची सुरुवात असते. जीव वाचवायला ती नळी योग्य. पण ती महिनोन्महिने तशीच राहिली तर जंतू थेट रक्तात जाण्याचा रस्ता उघडा राहतो. थंडी वाजून ताप, तोही डायलिसिस सुरू झाल्यावर अर्ध्या-एक तासात, हे नळीच्या संसर्गाचे ठळक लक्षण. अशा वेळी पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवणे पुरत नाही, रक्ताचे कल्चर करावे लागते. एकाच दिवशी अनेक रुग्णांना थंडी वाजली तर मात्र संशय पाण्यावर घ्यायचा.

कायमचा मार्ग म्हणजे हाताच्या मनगटाजवळ किंवा कोपराजवळ रोहिणी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला. ही छोटी शस्त्रक्रिया असते, पण फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून तो डायलिसिस सुरू होण्याआधी करायचा. क्रिएटिनिन वाढू लागल्यापासून न वापरत्या हाताच्या शिरा राखून ठेवायच्या, त्या हातात सलाइन लावू द्यायचे नाही. फिस्टुला झाल्यावर त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, घट्ट बांगड्या किंवा घड्याळ घालायचे नाही. रोज सकाळी त्यावर बोट ठेवून थरथर लागते का पाहायचे. थरथर बंद झाली तर पुढच्या पाळीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

एखाद्या केंद्रातील किती रुग्ण फिस्टुलावर आहेत आणि किती नळीवर, हे विचारले तरी त्या केंद्राच्या कामाचा बराच अंदाज येतो.

डायलिसिस पुरेसे झाले, हे कळते कसे?

मशीनवर चार तास पडून राहिलो म्हणजे डायलिसिस झाले, असे नाही. रक्ताचा वेग कमी ठेवला, सुई नीट लागली नाही, डायलायझर जुना झाला, तर चार तासांत तीन तासांचेच काम होते. ते मोजायची सोपी पद्धत आहे. महिन्यातून एकदा डायलिसिसच्या आधी आणि नंतर युरिया तपासायचा. आधी १४० होता आणि नंतर ४९ झाला, तर तो ६५ टक्क्यांनी उतरला. तीनदा येणाऱ्या रुग्णाचा युरिया प्रत्येक वेळी किमान ६५ टक्के उतरला पाहिजे. सातत्याने ५०-५५ येत असेल तर कुठेतरी काहीतरी चुकते आहे, आणि ते शोधणे हे केंद्राचे काम आहे.

शंभर पानी वही घ्यावी आणि प्रत्येक फेरीला त्यात लिहावे. आधीचे आणि नंतरचे वजन, रक्तदाब, किती वाजता चढवले, किती वाजता उतरवले, डायलायझरचा कितवा वापर. महिन्याचे हिमोग्लोबिन, पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस. ठरावीक काळाने हिपॅटायटिसच्या चाचण्या. हिमोग्लोबिन साधारण १० ते ११.५ च्या दरम्यान राहावे आणि त्यासाठी एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन आणि लोह लागते. ते न देता वारंवार रक्त चढवत राहिले तर पुढे प्रत्यारोपणात अडचण येऊ शकते. ही वही घरातली दहावी शिकलेली मुलगीही ठेवू शकते, आणि दुसऱ्या रुग्णालयात जायची वेळ आली तर तिच्याइतका उपयोगी कागद दुसरा नसतो.

मोफत म्हणजे काय काय मोफत?

२०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. देशात दरवर्षी २.२ लाख नवे रुग्ण किडनी पूर्ण निकामी होण्याच्या टप्प्यावर येतात, त्यामुळे ३.४ कोटी फेऱ्यांची जादा गरज निर्माण होते, आणि असलेली सुमारे ४,९५० केंद्रे मुख्यतः खासगी व मोठ्या शहरांत आहेत, असे त्यांनी भाषणात सांगितले होते. एका फेरीला सुमारे २,००० रुपये म्हणजे वर्षाला तीन लाखांहून अधिक खर्च, हाही त्यांचाच आकडा. त्यातून जिल्हा रुग्णालयांत सार्वजनिक-खासगी भागीदारीने केंद्रे सुरू करण्याचे धोरण आले. जागा, वीज आणि पाणी रुग्णालयाचे. मशीन, आरओ संयंत्र, साहित्य आणि मनुष्यबळ भागीदाराचे, असे त्याचे मूळ प्रारूप. या विभागणीत एक फट आहे. पाणी खराब निघाले तर दोष कुणाचा? कच्चे पाणी देणाऱ्याचा की ते शुद्ध करणाऱ्याचा? आपल्या भागातील केंद्र कोणत्या करारावर चालते आणि त्यात पाणी तपासणीची जबाबदारी कुणावर आहे, हे म्हणूनच विचारून घ्यावे.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसते. तिची कुटुंबामागील मर्यादा दीड लाखावरून पाच लाख आणि किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. अट एकच, रुग्णालय योजनेत अंगीकृत हवे. तिथल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि ओळखपत्र दाखवून नोंद करून घ्यावी. एरिथ्रोपोएटिन, मासिक तपासण्या, फिस्टुलाची शस्त्रक्रिया यांतले काय योजनेत आहे आणि काय बाहेरून आणावे लागेल, हे पहिल्याच दिवशी विचारावे. ‘डायलिसिस फुकट’ म्हणून निघालेले कुटुंब खचते ते इंजेक्शन आणि गाडीभाड्यात.

गाडीभाडे ही जळगाव जामोद किंवा संग्रामपूरच्या गावातून खामगाव, शेगाव, अकोला वा बुलढाणा गाठणाऱ्याची नेहमीची अडचण. महिन्याला बारा फेऱ्या, सोबत एक माणूस, त्याचीही मजुरी बुडते. एसटीच्या साध्या बसमध्ये डायलिसिसच्या रुग्णांना प्रवास मोफत आहे. त्याची कागदपत्रे आगारात विचारून घ्यावीत. डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी रेल्वेने जाणाऱ्या किडनी रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला स्लीपर आणि दुसऱ्या वर्गात ७५ टक्के सवलत मिळते. शेगाव, नांदुरा, मलकापूर ही स्थानके मुंबई-नागपूर मार्गावरच असल्याने अकोल्याला किंवा नागपूरला जाणाऱ्यांना ती उपयोगी पडते.

डायलिसिस हा शेवटचा थांबा नाही. प्रकृती साथ देत असेल तर प्रत्यारोपणाचा विचार लवकर करावा. घरात जुळणारा दाता नसेल तर मेंदूमृत दात्याकडून मिळणाऱ्या किडनीसाठी विदर्भातील रुग्णांची नोंदणी नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे होते. नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत करावी लागते आणि यादीतला क्रम नोंदणीच्या तारखेशीही जोडलेला असतो, त्यामुळे ‘आधी वर्षभर डायलिसिस करून पाहू’ म्हणण्यात नुकसान असते.

शंका आली तर कुणाला विचारायचे?

आधी केंद्राच्या प्रमुख तंत्रज्ञाला आणि ड्युटीवरील डॉक्टरला, तोंडी आणि नम्रपणे. आठवड्यातून तीनदा ज्याच्या हातात आपली नस द्यायची, त्याच्याशी भांडण परवडत नाही. म्हणूनच बहुतेक रुग्ण गप्प बसतात, हेही खरे. अशा वेळी एकट्याने जाण्याऐवजी एका पाळीतल्या चार-पाच रुग्णांच्या नातेवाइकांनी मिळून वैद्यकीय अधीक्षक किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यापुढे विषय मांडता येतो. जन आरोग्य योजनेबाबत तक्रार असेल तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० हे निःशुल्क क्रमांक आहेत. खासगी रुग्णालयांना राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते.

माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर ‘डायलिसिस केंद्राची सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. गेल्या बारा महिन्यांतील पाण्याच्या जिवाणू आणि एंडोटॉक्सिन तपासणीचे अहवाल, क्लोरिन चाचणीच्या रोजच्या नोंदवहीची प्रत, आरओचे पडदे आणि कार्बन बदलल्याच्या तारखा, मंजूर आणि भरलेली तंत्रज्ञांची पदे, किडनीतज्ज्ञांच्या भेटींच्या तारखा, आणि डायलिसिस सुरू असताना नव्याने हिपॅटायटिस आढळलेल्या रुग्णांची नावाविना संख्या, एवढे मागावे. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस.